लाल तेलाची रुजुवात

मोटारगाडीच्या इंजिनातील तेल बदलण्याचा शिरस्ता आपल्याकडे आता इतका रुळला आहे की, गाडीविषयी ज्यास काडीचीही माहिती नाही असा गृहस्थसुद्धा पावसाळा सरता सरता 'ऑईल करून घेतले पाहिजे' असे म्हणतो, मिस्त्रीने पुसून दिलेली डिपस्टिक उजेडात धरतो आणि काही उमजो वा न उमजो, समाधानाने मान हलवतो. परंतु त्याच बोनेटखाली, त्याच इंजिनाला खेटून, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नावाचे जे दुसरे महागडे यंत्र बसलेले असते, त्याच्याही पोटात काही लिटर तेल आहे, ते तापते, मळते आणि कालांतराने निकामी होते, ही वार्ता पुष्कळांच्या कानी प्रथम पडते ती गाडी सिग्नलवरून सुटताना धक्के देऊ लागल्यावरच.

यात त्या गृहस्थाचा दोष फारसा नाही. हाताने गिअर टाकावयाच्या गाडीत गिअरबॉक्सची खबर चालकाच्या तळहाताला रोज मिळत असे. दांडा अडू लागला, दुसऱ्या गिअरला खरखर आली, क्लच घसरू लागला, की मनुष्य आपोआप सावध होई. आपल्या शहरांतील वाहनांच्या रेट्याने डाव्या पायाचा तो अखंड व्यायाम असह्य केला, २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओने क्लचचे पेडल नसलेली गाडी मध्यमवर्गीयाच्या ऐपतीत आणली, आणि पाहता पाहता ऑटोमॅटिक ही चैनीची वस्तू न राहता वयस्कांच्या गुडघ्यांची सोय होऊन बसली. सोय झाली, पण खबर तुटली. यंत्राच्या अंतरंगात काय चालले आहे याचा पुरावा आता मुख्यतः एकाच ठिकाणी उरला आहे, तो म्हणजे त्याचे तेल. आणि तो दस्तऐवज स्वतःच्या हाताने बाहेर काढून, मोजून, बोटांत चोळून वाचणारी जी थोडी माणसे आपल्यात आहेत, त्यांच्या उद्योगाची ही कैफियत आहे.

या यंत्राचे कूळ शोधू गेल्यास ते बंदरात सापडते. श्टेटीन येथील फुल्कान जहाज-कारखान्यातील हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यापुढे पेच असा होता की, वाफेची टर्बाइन अतिवेगाने फिरली तरच काटकसरीने चालते आणि जहाजाचा पंखा मंदगतीने फिरला तरच पाण्याला धरतो. या दोन हट्टी यंत्रांची सोयरीक दातेरी चाकांऐवजी द्रवाच्या मध्यस्थीने जुळवण्याची युक्ती त्याने काढली व १९०५ साली तिचे पेटंट घेतले. एका चक्राची पाती द्रव भिरकावतात, समोरच्या चक्राची पाती तो झेलून फिरू लागतात, आणि शक्ती इकडून तिकडे जाताना धातूचा धातूला स्पर्शही होत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने, अर्ल थॉम्प्सन याच्या नेतृत्वाखाली, या द्रवाच्या जोडणीस आपोआप बदलणाऱ्या चार गिअरांची साथ दिली आणि १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीत 'हायड्रामॅटिक' या नावाने ती विक्रीस काढली. याच थॉम्प्सनने त्यापूर्वी सिंक्रोमेशची योजना काढून हाताने गिअर टाकणे सुकर केले होते. म्हणजे जी विद्या त्याने सोपी केली, तीच पुढे त्याने अनावश्यक करून टाकली. दुसऱ्या महायुद्धात हीच हायड्रामॅटिक अमेरिकेच्या एम-५ या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकच्या दोन इंजिनांना जोडून गेली, आणि युद्धाच्या धुळीत जे टिकले ते सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती देण्यास हरकत नाही, असा भरवसा कारखानदारांस व गिऱ्हाइकांसही आला.

अशा यंत्रासाठी तेलही निराळेच हवे होते. १९४९ साली जनरल मोटर्सने 'टाइप ए' या नावाने त्याचा जाबता ठरवून दिला. पुढे 'डेक्स्रॉन' या नावाने त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या. गळती झाली तर ती इंजिनाच्या तेलाची की गिअरबॉक्सची, हे जमिनीवरच्या डागावरून कळावे म्हणून त्यात तांबडा रंग मिसळण्यात आला आणि लाल रंग ही या तेलाची ओळख होऊन बसली. खरी अडचण मात्र रंगाची नव्हती. बेअरिंगे व दाते यांच्यासाठी तेल निसरडे पाहिजे, परंतु ज्या क्लच-पट्ट्या त्याच तेलात बुडालेल्या असतात व ज्यांच्या पकडीवर गिअरांची अदलाबदल अवलंबून असते, त्यांच्यासाठी ते बेताचेच निसरडे पाहिजे. पकड फार झाली तर गाडी हिसका देते, कमी पडली तर पट्ट्या घसरून जळतात. हा नाजूक तोल साधण्यासाठी त्या काळचे रसायनज्ञ जे द्रव्य वापरीत ते स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल होते. १९७० साली अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातला, त्याच्या तेलाची आयात थांबली, आणि मोटारींच्या गिअरबॉक्ससाठी कृत्रिम पर्याय शोधण्याची धावपळ तेलकंपन्यांवर आली. शिकागोच्या रस्त्यावरील मोटारीने सिग्नलला हिसका देऊ नये एवढ्यासाठी महासागरात देवमासे मारले जात होते, ही गोष्ट मला यंत्रयुगाच्या इतिहासातील अत्यंत विलक्षण गोष्टींपैकी एक वाटते. आणि तरी तिचा उल्लेख एखाद्या गाडीच्या पुस्तिकेत कधी सापडत नाही.

आज या तेलाच्या अंगावर जी कामे टाकलेली आहेत त्यांची यादी पाहिली तर कोणत्याही सरकारी कारकुनाने हात टेकावेत. इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे त्या द्रवाच्या जोडणीच्या आजच्या अवतारातून, पुढे न्यावयाची, दाबाच्या बळावर योग्य वेळी योग्य पट्ट्या आवळावयाच्या, दाते व बेअरिंगे वंगवावयाची, निर्माण झालेली उष्णता रेडिएटरपाशी नेऊन सोडावयाची, आणि झिजेचा गाळ आपल्याबरोबर वाहून चुंबकापाशी किंवा गाळणीपाशी जमा करावयाचा. यांपैकी उष्णता हाच त्याचा खरा शत्रू. तेल ऐंशी अंश सेल्सिअसच्या आसपास राहिले तर ते दीर्घकाळ टिकते. त्यापुढे दर दहा अंशांमागे त्याचे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा वंगणशास्त्रातला ठोकताळा आहे. मोकळ्या महामार्गावर एका वेगाने जाताना कन्व्हर्टर आतून जखडला जातो, घसरण थांबते व तेल निवांत असते. परंतु पुण्याच्या चांदणी चौकातल्या सायंकाळच्या रांगेत, किंवा आंबोलीच्या अथवा कुंभार्लीच्या चढावर मालमोटारीच्या पाठीमागे रखडताना, इंजिनाने दिलेल्या शक्तीचा बराच वाटा कन्व्हर्टरमध्ये तेल घुसळण्यातच खर्ची पडतो. त्यातही चढावर उभी गाडी ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरण्याची जी खोड काही चालकांना असते, ती म्हणजे तेल तापवण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

आता प्रश्न मुदतीचा. कित्येक गाड्यांच्या पुस्तिकांत गिअरबॉक्सचे तेल आजन्म टिकणारे असून ते बदलण्याची आवश्यकता नाही, अशी मखलाशी केलेली आढळते. पण ज्या झेडएफ या जर्मन कंपनीचे गिअरबॉक्स अनेक उंची गाड्यांत बसवलेले असतात, तीच कंपनी आपल्या गिअरबॉक्सचे तेल वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरांच्या दरम्यान, किंवा फार तर आठ वर्षांनी, बदलावे असे सांगते. यंत्र बनवणारा एक मुदत देतो आणि ते यंत्र आपल्या गाडीत बसवून विकणारा मुदतच नाही म्हणतो, तेव्हा शहाण्याने कोणाचे ऐकावे हे उघड आहे. गाडी विकणाऱ्याचा हिशेब हमीच्या काळापुरता व पहिल्या मालकापुरता असतो. देखभालीचा खर्च कागदावर जितका कमी दिसेल तितका त्याला बरा. दुसऱ्या मालकाची बाजू मांडणारा त्या हिशेबात कोणी नसतो, आणि आपल्याकडे ऑटोमॅटिक गाडी स्वतःच्या हाताने उघडून पाहणारा बहुधा हा दुसरा मालकच असतो.

असेच एक दुसरे मालक मला कोथरूडच्या एका सोसायटीत भेटले. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी होंडा सिटीची तिसऱ्या पिढीतली, म्हणजे २००८ च्या अखेरीस आपल्याकडे आलेल्या मालिकेतली, पाच गिअरांची ऑटोमॅटिक गाडी जुनी म्हणून विकत घेतली आहे. मागील मालकाने दिलेल्या कागदपत्रांत इंजिनाच्या तेलाच्या पावत्या व्यवस्थित होत्या, गिअरबॉक्सच्या तेलाची एकही नव्हती. 'खात्यात आम्हाला एकच शिकवलं,' ते मला म्हणाले, 'एम. बी.त नोंद नाही, तर काम झालंच नाही.' एम. बी. म्हणजे मोजमाप-पुस्तिका, बांधकाम व पाटबंधारे खात्यांत जिच्यावाचून एक पैसा अदा होत नाही ती. गाडीसाठीही त्यांनी तशीच एक वही घातलेली आहे.

तेल आणावयास मी त्यांच्याबरोबर नाना पेठेत गेलो. या कामातली पहिली व सर्वांत महागात पडणारी चूक जॅकपाशी न होता दुकानाच्या फळीपाशी होते, हे मला तेथे समजले. 'सिटीचं ऑटोमॅटिक ऑईल' एवढे सांगताच दुकानदाराने हातातली बाटली परत फळीवर ठेवली. 'काका, सिटी म्हणू नका, साल सांगा. आधीच्या सिटीला सीव्हीटी, मधल्या सिटीला हा गिअरबॉक्स, २०१४ नंतरच्या सिटीला पुन्हा सीव्हीटी. पाटी एकच, तेल वेगळं.' त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. सीव्हीटीत पट्टा व पुल्या यांची पकड तेलातूनच साधावयाची असते, म्हणून तिचे तेल निराळ्या गुणाचे. ते टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये किंवा तिथले इथे ओतणे म्हणजे हजारोंची वस्तू आपल्या हाताने मोडीत काढणे. दोन क्लचांच्या डीसीटीचे शास्त्र आणखी वेगळे. आणि सेलेरिओसारख्या एएमटी गाडीत तर मुळात साधाच गिअरबॉक्स असून त्याचा क्लच व दांडा हलवण्यासाठी वर एक विजेवर व द्रवाच्या दाबावर चालणारा जोड बसवलेला असतो, त्या जोडाच्या वाटेला घरच्या माणसाने जाऊ नये हेच बरे. रंगावर तर मुळीच विसंबू नये, कारण लाल नसलेली तेले आता सर्रास मिळतात. होंडाच्या या गिअरबॉक्ससाठी पूर्वी 'झेड-१' नावाचे तेल असे, आता त्याच्या जागी 'डीडब्ल्यू-१' आले आहे. पुस्तिकेतले नाव आणि बाटलीवरचे नाव ताडून पाहूनच काकांनी पैसे मोजले.

प्रत्यक्ष कामापूर्वी एक घरगुती मुत्सद्देगिरी करावी लागली. सोसायटीच्या आवारात वाहनदुरुस्तीस सक्त मनाई असल्याची पाटी भिंतीवर होती, आणि चिटणीसांची समजूत अशी घालण्यात आली की हे दुरुस्तीचे काम नसून निगराणीचे आहे, व जमिनीवर एक थेंब पडल्यास फरशी धुऊन देण्याची हमी लेखी मिळेल. ती हमी खरोखरच लेखी देण्यात आली.

मग गाडी थोडी फिरवून आणली, कारण कोमट तेल गाळासकट सहज वाहते. फार तापलेले तेल हात भाजते, म्हणून काही वेळ थांबलो. सपाट फरशी, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, आणि जॅकने उचललेले वजन मजबूत स्टँडांवर उतरवलेले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरण्याचा प्रकार जो करतो त्याला धाडसी म्हणू नये; जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे, आणि त्याचे सील दगा देताना आगाऊ नोटीस देत नाही. त्यानंतर काकांनी जे केले ते मला या सर्व विद्येचे सार वाटले. खालचा बोल्ट सोडण्याआधी त्यांनी वरची, म्हणजे नवे तेल ज्या तोंडातून भरावयाचे ती, वाट मोकळी आहे याची खातरजमा करून घेतली. ज्या गाड्यांत भरण्याचा बोल्ट गंजून जाम झालेला असतो, त्यांचे तेल आधी काढून टाकणारे महाभाग रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी दारात घेऊन बसतात. ती ओढून नेणेही धोक्याचे, कारण इंजिन बंद असता तेलाचा पंपही बंद असतो आणि चाके फिरली की आतील भाग कोरडे घासतात.

खाली दोन बोल्ट दिसतात व दोन्ही तेलाचेच असतात. इंजिनाच्या बोल्टचे डोके सहाकोनी, बाहेरून पाना लावावयाचे. गिअरबॉक्सच्या बोल्टात चौकोनी खाच, तीत तीन-अष्टमांश इंची रॅचेट थेट बसते. हा भेद ठाऊक नसलेले लोक इंजिनाचे समजून गिअरबॉक्सचे तेल काढतात आणि भरलेल्या इंजिनात वर आणखी तीन-चार लिटर ओततात. एका कृत्याने दोन यंत्रे मारण्याचा हा प्रकार गॅरेजवाल्यांना चांगला परिचित आहे.

तेल आले ते लाल नव्हते. गडद तपकिरी, चहाच्या काढ्याच्याही पलीकडचे. परंतु त्याला जळका वास नव्हता, आणि काकांच्या मते ही बातमी रंगापेक्षा मोलाची. रंग काय, तो काळाने उडतोच. जळका वास मात्र पट्ट्या घसरून भाजल्याची ग्वाही देतो, आणि दुधाळ गुलाबी तेल निघाले तर रेडिएटरमधील पाणी आत शिरले असे समजावे. बोल्टाच्या टोकाशी चुंबक असते. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप जमला होता. त्यांनी तो पांढऱ्या चिंधीवर पसरून, उन्हात तिरपा धरून, बोट फिरवून पाहिला. लेप ही साधी झीज. बोटाला टोचणारी कपची सापडली तर ती मोडलेल्या भागाची असते व मग तेल बदलून भागत नाही. कपची नव्हती. निघालेले तेल आखीव भांड्यात मोजले ते जवळपास दोन लिटर चारशे मिलिलिटर भरले, म्हणजे पुस्तिकेत सांगितले तितकेच. कमी भरले असते तर आधीपासून गळती आहे असा त्याचा अर्थ झाला असता. जुने वॉशर टाकून नवे बसवले, बोल्ट टॉर्क रेंचने ४९ न्यूटन-मीटरवर आवळला. गिअरबॉक्सचे कवच अ‍ॅल्युमिनियमचे असते. पहिलवानी केली तर आटे जातात, आणि गेलेले आटे नवे तेल मिळते तसे फळीवर मिळत नाहीत.

अरुंद नरसाळ्याने नवे तेल आत गेले. इंजिन सुरू करून, ब्रेकवर पाय ठेवून, दांडा प्रत्येक खुणेवर क्षणभर थांबवत फिरवला. रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत वाट पाहिली, इंजिन बंद केले आणि साठ ते नव्वद सेकंदांच्या आत डिपस्टिक वाचली. होंडाची रीत ही. इतर बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत याच्या उलट, इंजिन चालू ठेवूनच पातळी पाहावयाची असते, तेव्हा एका गाडीची वहिवाट दुसरीला लावू नये. पातळी खाली राहिली तर पंप हवा ओढतो, आणि जास्त झाली तर फिरत्या भागांनी तेलाचा फेस होतो. फेसाला दाब धरता येत नाही. ज्या अलीकडच्या गाड्यांत डिपस्टिकच नसते व ठराविक तापमानाला उघडलेल्या बोल्टातून तेल ओघळू लागले की पातळी बरोबर समजतात, त्या गाड्यांचे काम माझ्या मते, तापमान वाचणारे उपकरण व गाडी समतल उचलणारी लिफ्ट जवळ नसेल तर, घरी करू नये.

येथे काम संपले असे वाटते, पण हिशेब तेथूनच सुरू होतो. या गिअरबॉक्समध्ये एकूण तेल सुमारे सहा लिटर धरू. बोल्ट सोडल्यावर निघते ते चाळीस टक्के, बाकीचे कन्व्हर्टरच्या व नळ्यांच्या पोटात दडून राहते. खारट झालेल्या आमटीतून दोन पळ्या काढून तेवढेच पाणी घातले तर ती अळणी होत नाही, तसेच हे. पहिल्या खेपेनंतर साठ टक्के जुने उरते, दुसऱ्या खेपेनंतर छत्तीस, तिसऱ्या खेपेनंतर बावीसच्या आसपास. चौथ्या खेपेला आधी ओतलेल्या नव्या तेलातलेच किती तरी पुन्हा वाहून जाते, म्हणून शहाणा मनुष्य तिसऱ्यावर थांबतो. प्रत्येक दोन खेपांच्या मध्ये गाडी चालवावी लागते, म्हणजे दडलेले तेल मिसळते. यंत्राच्या दाबाने सगळे तेल एका दमात ढकलून काढण्याची सोय काही गॅरेजांत असते. परंतु काही कारखानदार तिला मना करतात, आणि जुन्या गिअरबॉक्सला ती सोसेलच असे नाही.

जुन्या गिअरबॉक्सचे तेल बदलले की तो मरतो, अशी एक दंतकथा प्रत्येक गॅरेजात ऐकू येते. मी ती हडपसरच्या एका वयस्क मिस्त्रीसमोर ठेवली. 'साहेब,' तो म्हणाला, 'लोक तेल बदलायला येतात कधी? गाडी घसरायला लागल्यावर. पट्ट्या आधीच गेलेल्या असतात. मग नाव तेलाचं होतं, आणि माझं.' यापेक्षा नेमके उत्तर मला कोणत्याही तांत्रिक पुस्तकात मिळाले नाही. त्यात मी एवढेच जोडीन की, लाखावर किलोमीटर ज्याला कोणी हात लावलेला नाही असा, पण अद्याप सुरळीत चालणारा गिअरबॉक्स असेल, तर थोडे थोडे तेल बदलण्याची ही संथ रीतच त्याला मानवते. आणि जो आधीच घसरतो आहे त्याच्यावर नव्या तेलाचे पैसे खर्चण्यापूर्वी जाणत्या मिस्त्रीकडून तपासणी करून घ्यावी.

उरला प्रश्न त्या काढलेल्या तेलाचा. आपल्याकडे जळके तेल कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासण्याची जुनी वहिवाट आहे, आणि उरलेले गटारात लोटण्याची त्याहून जुनी. वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. २०१६ च्या नियमांत त्याच्या विल्हेवाटीची तरतूद आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल उत्पादकांवर व आयातदारांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारीही टाकण्यात आली आहे. परंतु सोसायटीच्या आवारात अडीच लिटर तेल काढणाऱ्या माणसाच्या दारात त्यासाठी कोणी येत नाही. त्याने ते झाकणबंद कॅनमध्ये भरून स्वतःच्या पायाने नेऊन द्यावयाचे असते. काकांनी ते हडपसरच्या त्याच मिस्त्रीकडे नेले. त्याच्या गॅरेजच्या कोपऱ्यात पिंप होते व ते भरले की उचलणारा माणूस ठरलेला होता. मिस्त्रीने कॅन उघडून वास घेतला, त्यात ब्रेक ऑईल किंवा कूलंट मिसळलेले नाही ना असे दोनदा विचारले, कारण भेसळ निघाली तर नेणारा भाव पाडतो, आणि मगच ते पिंपात ओतले. काकांनी खिशातून वही काढून तेल कोठे दिले ते, तारखेसह व किलोमीटरच्या आकड्यासह, लिहिले, आणि पुढची खेप दिवाळीनंतर करावयाची असल्याने कॅन परत मागून घेतला.